पाठ पोहोचला, शिकवणे राहिले

करोनाच्या साथीत महाराष्ट्रातील प्राथमिक शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या आणि सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलांचे शिक्षण मोबाइल, दूरचित्रवाणी व छापील स्वाध्याय यांच्या आधारे घरून चालवण्यात आले. त्या काळाचा हिशेब मांडताना शासकीय अहवालांत, शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या पुरस्कर्त्यांच्या लेखनात आणि शहरी सुशिक्षित पालकांच्या बोलण्यातही एकच मांडणी पुन्हा पुन्हा आढळते. शाळा बंद होत्या, पण शिक्षण थांबले नाही, हा तिचा पहिला भाग. जिथे ते पोहोचले नाही तिथे साधने नव्हती, म्हणजे उणीव पद्धतीत नसून वाटपात होती, हा दुसरा. आणि जे थोडेफार नुकसान झाले ते आता भरून निघाल्यामुळे त्याची चर्चा लांबवण्यात अर्थ नाही, हा तिसरा. या तिन्ही विधानांना काही ना काही आधार दिला जातो, त्यामुळे ती नुसती झटकून टाकता येत नाहीत. मात्र पहिली ते चौथीच्या वर्गांपुरते पाहिले तर तिन्ही चुकीची ठरतात, आणि ती खरी मानून पुढची धोरणे आखली जाऊ लागली आहेत, म्हणून त्यांचा सविस्तर प्रतिवाद करणे आवश्यक आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद करण्याचा निर्णय चुकीचा होता, असे येथे म्हणायचे नाही. विषाणूचे वर्तन अज्ञात होते, लस नव्हती, रुग्णालये अपुरी पडत होती आणि एका खोलीत चाळीस मुले खेटून बसवणे कोणत्याही जबाबदार शासनाला शक्य नव्हते. त्या दिवसांत राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने रोजची अभ्यासमाला पाठवायला सुरुवात केली, केंद्र शासनाच्या ‘दीक्षा’ ॲपवरील पाठ्यसाहित्य तिला जोडले गेले, आणि जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका दाखवण्यात आली. हे प्रयत्न मनापासून झाले होते आणि काहीच न करण्यापेक्षा ते निश्चित बरे होते. आक्षेप आहे तो आणीबाणीतील तडजोडीला मागाहून यशस्वी शैक्षणिक प्रयोगाचा दर्जा देण्याला.

दूरशिक्षण ही रचना मुळात प्रौढांसाठी घडलेली आहे. शिकणारा आणि शिकवणारा एका ठिकाणी नसताना, छापील किंवा ध्वनिचित्रित साहित्य हाती घेऊन विद्यार्थ्याने आपल्या सवडीने अभ्यास करावा आणि अधूनमधून मार्गदर्शकाची गाठ घ्यावी, असे तिचे स्वरूप असते. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने हीच रचना राबवून नोकरी करणाऱ्या, शिक्षण अर्धवट सुटलेल्या, लग्नानंतर पुस्तकाशी संबंध तुटलेल्या असंख्य स्त्रीपुरुषांना पदवीपर्यंत नेले आणि ते काम मोलाचे आहे. परंतु या रचनेत विद्यार्थ्याबद्दल काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात : त्याला वाचता येते, आपल्याला काय समजले नाही हे त्याचे त्याला कळते, आणि समोर कुणी नसतानाही तो अभ्यासाला बसू शकतो. दूरशिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक मायकेल मूर यांनी या संदर्भात ‘देवघेवीतील अंतर’ ही कल्पना मांडली. तिचा आशय असा की शिकणारा व शिकवणारा यांच्यातील खरे अंतर मैलांचे नसून समजुतीचे असते. संवाद जितका कमी आणि पाठाचा साचा जितका ताठर, तितके ते वाढते, आणि ते ओलांडण्यासाठी शिकणाऱ्याच्या अंगी तितकीच स्वायत्तता, म्हणजे आपला अभ्यास आपण आखण्याची व तपासण्याची क्षमता, असावी लागते. पहिलीतले मूल शाळेत येते तेच मुळी ही क्षमता कमावण्यासाठी. ज्या वयात ती नसते, त्याच वयाच्या मुलांवर तिच्या भरवशावर उभी असलेली पद्धत लादली गेली आणि ती कशी चालली याची चर्चा मात्र सिग्नल व रिचार्जपुरती मर्यादित राहिली.

पहिल्या विधानाची, म्हणजे शिक्षण थांबले नाही या दाव्याची तपासणी करताना आधी काळाचा पल्ला लक्षात घ्यावा लागतो. महाराष्ट्रात नववी ते बारावीचे वर्ग नोव्हेंबर २०२० मध्ये अनेक जिल्ह्यांत सुरू झाले, पाचवी ते आठवीचे वर्ग मुंबई वगळता बऱ्याच ठिकाणी २७ जानेवारी २०२१ पासून भरू लागले, दुसऱ्या लाटेत ते पुन्हा बंद पडले, ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून पुढचे वर्ग उघडले. आणि पहिली ते चौथीची मुले मात्र १ डिसेंबर २०२१ पर्यंत, मुंबई-पुण्यात तर त्या महिन्याच्या मध्यापर्यंत, घरीच होती. जानेवारी २०२२ मध्ये काही दिवस शाळा पुन्हा बंद झाल्या तो भाग वेगळाच. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल आपल्या वर्गात पहिल्यांदा बसले तेव्हा त्याचे दुसरीचे वर्ष निम्मे संपत आले होते. जी मुले स्वतः पुस्तक उघडून वाचू शकत होती ती आधी वर्गात परतली आणि ज्यांना अक्षरओळखही नव्हती ती सर्वांत शेवटी, हा क्रम शिक्षणाच्या दृष्टीने पूर्ण उलटा होता. आरोग्याच्या दृष्टीनेही तो अपरिहार्य नव्हता. कारण जुलै २०२१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक बलराम भार्गव यांनीच, लहान मुले हा संसर्ग मोठ्यांपेक्षा चांगल्या रीतीने पेलतात असे सांगून, शाळा उघडायच्या झाल्यास प्राथमिक शाळांपासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरेल, असे मत जाहीरपणे दिले होते. त्यानंतरही चार महिने हा क्रम बदलला नाही, याचे एक कारण असे दिसते की लहान मुलांचे शिक्षण घरून चाललेलेच आहे अशी समजूत प्रशासनात आणि समाजात रुजली होती. म्हणजे दूरशिक्षणाच्या यशाच्या दाव्याने शाळाबंदी सोसण्याजोगी वाटू लागली आणि ती लांबण्यास हातभार लागला.

शिक्षण चालू असल्याचा पुरावा म्हणून जे आकडे दिले जात, ते बहुतेक पाठवण्याचे असत : किती पाठ तयार झाले, किती ग्रुपवर टाकले गेले, किती दुवे उघडले गेले. मुलांच्या बाजूने मोजणी झाली तेव्हा वेगळे चित्र दिसले. ‘असर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, ग्रामीण भारतातील मुलांच्या शिक्षणस्थितीच्या सर्वेक्षणाने सप्टेंबर २०२० मध्ये दूरध्वनीवरून चौकशी केली, तेव्हा शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, दोन वर्षांपूर्वी हे प्रमाण ३६.५ टक्के होते. तरीही चौकशीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले साधारण एकतृतीयांशच होती. पुढच्या वर्षी फोन असलेल्या घरांचे प्रमाण आणखी वाढले, पण अशा घरांतील चौथा हिस्सा मुलांच्या हाती तो पडतच नव्हता, कारण फोन कमावत्या माणसाबरोबर सकाळीच घराबाहेर जात असे. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांमध्ये पहिली ते आठवीच्या सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. तीत ग्रामीण मुलांपैकी फक्त ८ टक्के नियमितपणे ऑनलाइन शिकत होती, शहरांत हे प्रमाण २४ टक्के होते, आणि ३७ टक्के ग्रामीण मुले त्या काळात अजिबात अभ्यास करत नव्हती. ही पाहणी गरीब वस्त्यांपुरती होती, सर्व मुलांची नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे. पण जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांत येणारी मुले मोठ्या संख्येने अशाच वस्त्यांतून येतात.

येथे दुसरे विधान पुढे येते. आकडे मान्य, असे पुरस्कर्ते म्हणतात, पण ते साधनांच्या टंचाईचे आकडे आहेत. प्रत्येक मुलाला टॅबलेट आणि प्रत्येक गावाला वेगवान इंटरनेट मिळाले की हाच प्रयोग सफल होईल. हा युक्तिवाद सर्वांत प्रभावी आहे, कारण तो गरिबांच्या बाजूने बोलतो असे वाटते. त्याला उत्तर देण्यासाठी जिथे साधनांची टंचाई नव्हती अशा देशाकडे पाहणे योग्य ठरेल. नेदरलँड्समध्ये जवळजवळ प्रत्येक घरात वेगवान इंटरनेट आहे, तेथील शाळा २०२० च्या वसंतात फक्त आठ आठवडे बंद होत्या, आणि योगायोगाने बंदीच्या आधी व नंतर अशा दोन्ही वेळी राष्ट्रीय स्वरूपाच्या चाचण्या झाल्यामुळे सुमारे साडेतीन लाख प्राथमिक विद्यार्थ्यांची तुलना करता आली. पर एंगझेल, अरुण फ्राय आणि मार्क फेरहाखेन या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात आठ ते अकरा वर्षांच्या मुलांचे सरासरी नुकसान शालेय वर्षाच्या एकपंचमांशाइतके भरले, म्हणजे शाळा जितके दिवस बंद होती जवळपास तितकेच. घरून शिकताना मुलांची प्रगती नगण्य झाली, असा त्याचा अर्थ होतो. ज्या घरांत आईवडिलांचे शिक्षण कमी होते तेथील मुलांचे नुकसान ६० टक्क्यांपर्यंत जास्त होते. उत्तम इंटरनेट, छोटा काळ, संपन्न शाळा, आणि तरीही हे घडले. याच्या उलट स्वीडनने प्राथमिक शाळा उघड्या ठेवल्या, आणि तेथे लहान मुलांच्या वाचनाच्या मोजणीत घट आढळली नाही. साधने वाढवली की प्राथमिक दूरशिक्षण यशस्वी होते, असे म्हणणाऱ्यांनी आधी या दोन अनुभवांचा खुलासा द्यायला हवा.

खुलासा वर्गातल्या रोजच्या कामात सापडतो. तिसरीतले मूल ४२ मधून १७ वजा करून ३५ असे उत्तर लिहिते, तेव्हा त्याच्या खांद्यावरून वहीत पाहणाऱ्या शिक्षकाला त्या क्षणी कळते की ते एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन वजा करत आहे. हातच्याची वजाबाकी त्याला उमगलेली नाही आणि दशक सुटा करून दाखवण्यासाठी काड्यांचा गठ्ठा पुन्हा सोडावा लागणार आहे. हेच गणित घरी सोडवून वहीचे छायाचित्र ग्रुपवर येते तेव्हा उत्तर २५ असते, कारण मोठ्या भावाने ते खोडून नीट लिहायला लावलेले असते, किंवा आईने फोनवरच हिशेब करून सांगितलेले असते. शिक्षक त्यावर शाबासकी देतो आणि चूक मुलाच्या डोक्यात आहे तशी राहते. छायाचित्रात उत्तर दिसते, उत्तरापर्यंतचा रस्ता दिसत नाही. प्राथमिक शिक्षकाचे जवळजवळ सगळे कौशल्य मात्र त्या रस्त्यावर लक्ष ठेवण्यात असते. अक्षर गिरवताना मूल ‘अ’ कुठून सुरू करते, पेन्सिल मुठीत धरते की बोटांत, ‘ळ’च्या ठिकाणी ‘ल’ म्हणते का, काना आणि वेलांटी यांतला फरक त्याला डोळ्याने कळतो की नुसता कानाने, हे पाहण्यासाठी हातभर अंतरावर बसावे लागते. पुस्तकातला धडा घडाघडा म्हणून दाखवणारे मूल वाचत आहे की तोंडपाठ म्हणत आहे, हे ओळखण्याची शिक्षकांची साधी रीत म्हणजे ओळीतल्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून तो विचारणे; पडद्यापलीकडून हे करता येत नाही, आणि करता आले तरी चाळीस मुलांच्या सभेत, एकजण बोलत असताना बाकीच्यांचे आवाज बंद ठेवावे लागत असताना, प्रत्येकाची पाळी येत नाही. चित्रफितीला वाचता येणे लागत नाही, असे उत्तर यावर दिले जाते. ते खरे आहे, पण चित्रफीत मुलाचे ऐकून घेत नाही. ती सर्वांना सारख्या वेगाने तेच सांगते, आणि मागे पडलेल्या मुलासाठी थांबत नाही.

दुसरी बाब मुलांच्या एकमेकांकडून शिकण्याची. पहिली-दुसरीच्या वर्गात कविता एका सुरात म्हटली जाते, शेजारच्याच्या पाटीकडे पाहून अक्षर दुरुस्त होते, पाढे म्हणताना अडलेले मूल इतरांच्या आवाजावर पुढे जाते. आवाज मागेपुढे पोहोचवणाऱ्या माध्यमात समूहाने म्हणणे शक्यच नसते. वर्गातल्या गलक्याला शिस्तीचा अभाव समजणारे लोक ही गोष्ट सहसा लक्षात घेत नाहीत. अझीम प्रेमजी प्रतिष्ठानाने २०२० मध्ये पाच राज्यांतील सरकारी शाळांच्या शिक्षकांशी बोलून केलेल्या पाहणीत ८० टक्क्यांहून अधिक शिक्षकांनी ऑनलाइन वर्गात मुलांशी भावनिक नाते टिकवणे अशक्य असल्याचे आणि ९० टक्क्यांनी मुलांच्या आकलनाचे अर्थपूर्ण मूल्यमापन करता येत नसल्याचे सांगितले. त्याच संस्थेच्या विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये दुसरी ते सहावीच्या १६,०६७ मुलांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के मुलांची भाषेतील आणि ८२ टक्के मुलांची गणितातील, आधीच्या वर्षी अवगत असलेली किमान एक क्षमता नाहीशी झालेली आढळली. यंदाचा अभ्यास राहून गेला एवढेच हे नुकसान नव्हते, आधी येत असलेलेही पुसले गेले होते, आणि असे विस्मरण कोणत्याही पाठ्यक्रमकपातीच्या हिशेबात धरलेले नव्हते.

पालकांच्या सहभागाबद्दल जे कौतुकाने लिहिले गेले त्याकडेही नीट पाहिले पाहिजे. मूल काय शिकते याची पालकांना प्रथमच जाणीव झाली, घर हीच शाळा झाली, असे म्हटले गेले. जाणीव झाली असेल; पण घडले ते असे की पहिलीच्या वर्गाला शिकवण्याचे काम, त्यासाठी लागणारे कोणतेही प्रशिक्षण, वेळ वा मोबदला न देता, घरातील मोठ्यांकडे आणि बहुतांशी आईकडे सोपवले गेले. व्हॉट्सॲपवर सूचना येई ती तिच्यासाठी असे, वहीचे छायाचित्र काढून पाठवायचे तिने, मूल ऐकत नाही म्हणून बोल लागत तेही तिलाच. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी ४१ टक्के स्त्रियांनीच दहा किंवा अधिक इयत्ता पूर्ण केल्या होत्या, आणि आयुष्यात कधीही इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया एकतृतीयांश होत्या, तर पुरुष ५७ टक्के. दूरशिक्षणाची सगळी व्यवस्था ज्या व्यक्तीच्या भरवशावर उभी होती तिच्या परिस्थितीचा विचार त्या व्यवस्थेत नव्हता. ऊसतोडीच्या फडावर किंवा वीटभट्टीवर असलेल्या, धुणीभांडी करून संध्याकाळी परतणाऱ्या स्त्रीला आपण मुलाच्या अभ्यासात कमी पडलो अशी खंत वाटली असेल, तर ती तिच्यावर अन्यायाने लादलेली होती. ज्यांना परवडत होते त्यांनी या पद्धतीबद्दलचा निर्णय आपल्या कृतीतून दिला : असरच्या आकड्यांप्रमाणे पैसे भरून शिकवणीला जाणाऱ्या ग्रामीण मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २९ टक्क्यांच्या आत होते, ते २०२१ मध्ये ३९ टक्क्यांवर पोहोचले. घरी फोन असूनही पालकांनी मुलासमोर बसणारे माणूस शोधले आणि त्यासाठी पदरचे पैसे मोजले. ज्यांना ते मोजता आले नाहीत त्यांची मुले मागे राहिली, आणि विषमता अशी आणखी एका अंगाने वाढली.

शिक्षकांविषयी समाजात जे बोलले गेले ते तर अधिकच अन्यायाचे होते. घरी बसून पगार घेतात, असा आरोप ज्यांच्यावर झाला त्या प्राथमिक शिक्षकांना याच काळात तपासणी नाक्यांवर, स्वस्त धान्य दुकानांवर, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेच्या घरोघर पाहणीत कामाला लावले गेले होते. शिक्षण हक्क कायदा आपत्तीनिवारणाची कामे शिक्षकांना देण्याची मुभा देतो, म्हणून त्यात बेकायदेशीर काही नव्हते, पण त्या काळात वर्ग कोण घेत होते हा प्रश्न कुणी विचारला नाही. उरलेल्या वेळात ऑनलाइन अर्ज भरणे, उपस्थितीचे व साहित्य पोहोचल्याचे अहवाल वर पाठवणे, केंद्रप्रमुखांच्या स्मरणपत्रांना उत्तरे देणे हे होतेच. आणि तरीही असंख्य शिक्षकांनी जे केले ते या चर्चेत सर्वांत महत्त्वाचे आहे. वाड्यावस्त्यांवर जाऊन त्यांनी ओट्यावर, मंदिराच्या सभामंडपात, झाडाखाली पाच-सहा मुलांचे गट बसवले. सोलापूरच्या नीलमनगर या यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ्यपुस्तकातले धडे रंगवून घेतले, जेणेकरून मुलांनी अंतर राखून ते वाचावेत. या प्रयत्नांची छायाचित्रे पुढे दूरशिक्षणाच्या यशोगाथांमध्ये छापली गेली. ही नोंद दुरुस्त करायला हवी. या शिक्षकांनी दूर राहून शिकवले नाही, ते अंतर कापून मुलांपर्यंत गेले, आणि जिथे मुलांना काही शिकता आले तिथे ते बहुधा याच कारणाने आले.

महाराष्ट्राला हा मार्ग नवा नव्हता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात, १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेल्या आणि पुढे कोसबाडला गेलेल्या कामात, मुले शाळेत येऊ शकत नाहीत तर शाळेने त्यांच्याकडे जावे हे तत्त्व प्रत्यक्षात आणले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी माळावर भरणारी कुरणशाळा त्यातूनच निघाली. मूल जिथे आहे तिथे शिक्षक पोहोचवायचा, हा त्या प्रयोगांचा गाभा होता, आणि साधने त्या भागात जे मिळेल त्यातून उभी राहत. २०२० मध्ये धोरणाला आधारासाठी एखादे उदाहरण हवेच होते तर ते इतके जवळ होते. परदेशातील एक पुरावाही याच दिशेने जातो. बोट्स्वाना या आफ्रिकी देशात शाळा बंद असताना काही प्राथमिक विद्यार्थ्यांच्या घरी नुसते गणिताचे लघुसंदेश पाठवले गेले आणि काहींना त्यासोबत दर आठवड्याला शिक्षकाने साध्या फोनवरून पंधरावीस मिनिटे बोलून एखादे उदाहरण सोडवायला मदत केली. नोआम ॲंग्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या निष्कर्षांत नुसत्या संदेशांचा ठोस परिणाम दिसला नाही, बोलण्याची जोड मिळालेल्या मुलांची प्रगती मात्र स्पष्ट दिसली. दूरशिक्षणाच्या बाजूने दिला जाणारा हा सर्वांत चांगला पुरावा आहे, आणि तोही सांगतो ते एका मुलाशी एका माणसाने बोलण्याचे महत्त्व. तयार पाठांच्या साठ्याचे किंवा वाहिन्यांचे नव्हे.

आता तिसरे विधान, नुकसान भरून निघाल्याचे. त्यासाठी असरचेच आकडे पुढे केले जातात. ग्रामीण भारतात तिसरीतील ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, २०२२ मध्ये ते २०.५ पर्यंत घसरले आणि २०२४ मध्ये २७.१ वर आले. आकडे बरोबर आहेत, पण २०२४ मध्ये तिसरीत असलेली मुले २०२२ च्या जूनमध्ये पहिलीत आली होती. बंद शाळेचा एकही महिना त्यांच्या वाट्याला आला नव्हता. २०२२ मध्ये तिसरीत होती ती मुले वेगळी, आणि त्यांचे पुढे काय झाले हे पाहायचे तर २०२४ मधील पाचवीकडे वळले पाहिजे. तेथे दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले ४८.८ टक्के आहेत, २०१८ मध्ये ती ५०.५ टक्के होती. म्हणजे या मुलांनीही बरेच अंतर भरून काढले, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ते त्यांनी केव्हा आणि कशाने भरून काढले? २०२२ नंतर, दोन वर्षे रोज वर्गात बसून, त्याच शिक्षकांच्या हाताखाली, ज्यांना दीड वर्ष निष्क्रिय ठरवले गेले होते. तमिळनाडूत शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत सुमारे दोनतृतीयांश घट भरून निघाल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे, आणि त्यातील साधारण चौथा हिस्सा वस्त्यांमध्ये स्वयंसेवकांनी संध्याकाळी घेतलेल्या वर्गांचा होता. तो कार्यक्रमही समोरासमोर शिकवण्याचाच होता. मुले सावरली याचे श्रेय दूरशिक्षणाला देता येत नाही. उलट पाच वर्षे शाळेच्या पटावर असूनही निम्म्या मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही, ही साथीपूर्वीपासूनची स्थिती असलेल्या देशात वर्गातला एकही दिवस वाया घालवणे परवडत नाही, असा या आकड्यांचा अर्थ होतो.

हा वाद जुना झाला म्हणून सोडून देता येत नाही, कारण घरून शिकवणे हा आता प्रशासनाच्या हाताशी असलेला सोपा पर्याय झाला आहे. २०२२ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात शैक्षणिक वाहिन्यांची संख्या १२ वरून २०० करण्याची घोषणा झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीतील हवा बिघडली तेव्हा सर्वांत आधी प्राथमिक वर्ग ऑनलाइन करण्यात आले. विषारी हवेत मुलांना बाहेर न काढणे योग्यच, पण ते दिवस सुट्टीचे न मानता शिकवण्याचे मानले गेले, ही त्यातली चिंतेची गोष्ट आहे. महाराष्ट्रात २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. डोंगरातल्या वाडीवरची दोनशिक्षकी शाळा बंद करताना पडदा आणि इंटरनेट हा पर्याय म्हणून दाखवणे यापुढे मोहाचे ठरणार आहे, आणि तसे झाले तर साथीत जे नाइलाजाने सोसावे लागले ते याच मुलांना कायमचे सोसावे लागेल.

म्हणून मागणी नेमक्या शब्दांत मांडणे बरे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापनाचे तास ठरवून दिले आहेत. शाळा कोणत्याही कारणाने बंद असताना घरी पाठवलेले पाठ, दाखवलेले कार्यक्रम आणि ऑनलाइन सभा पहिली ते चौथीच्या बाबतीत या ८०० तासांत धरल्या जाणार नाहीत, अशी तरतूद राज्याने आपल्या नियमांत करावी. मोठ्या बंदीत प्राथमिक वर्ग सर्वांत शेवटी बंद आणि सर्वांत आधी सुरू होतील, हा क्रम आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात लिहून ठेवावा. बंदीच्या काळात प्राथमिक शिक्षकांना अन्य कामांतून मोकळे ठेवून वस्तीवर लहान गट घेण्याची मुभा आणि प्रवासखर्च द्यावा. बुडालेले तास शाळा उघडल्यावर जादा वर्ग व सुट्टीतील वर्ग यांतून भरून देण्याची जबाबदारी शिक्षण विभागाची राहील, आणि त्यासाठी लागणारे शिक्षक व पैसा यांची तरतूद त्याच वर्षाच्या अंदाजपत्रकात करावी लागेल.